राजधानी नेली, पण विद्यापीठ कुणी कापलं?

डिसेंबर उजाडला की नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये पोलिसांचे कठडे उतरतात, आमदार निवासावर रंगाचा हात फिरतो आणि आमच्या पोह्याच्या ठेल्यावर १९५६ साल, म्हणजे नागपूरची राजधानी गेली ते साल, परत येतं. मागच्या अधिवेशनातही आलं. एक निवृत्त प्राध्यापक तर्रीत पोहे कालवत म्हणाले, "राजधानी नेली, तिथंच विद्यापीठाचं वाटोळं झालं." आठ वर्षं पुण्यात काढून परतलेल्या एका पोरानं लगेच उत्तर दिलं, "सर, राजधानी नाही, पण अधिवेशन आहे, खंडपीठ आहे, विद्यापीठ आहे. आता आणखी काय पाहिजे?" मग नेहमीप्रमाणे आवाज चढले, करार निघाले, टक्केवाऱ्या निघाल्या. शेवटी ठेलेवालाच म्हणाला, "राजेहो, पोहे थंडे होऊन राह्यले."

हा वाद मी समजायला लागल्यापासून ऐकतोय आणि दरवेळी वाटतं, भांडणारे दोघंही एकाच बाजूला उभे आहेत. दोघांच्या मते विद्यापीठ हे राजधानीच्या बिऱ्हाडातलं एक भांडं. एक म्हणतो, बिऱ्हाड हललं तेव्हा ते फुटलं. दुसरा म्हणतो, बिऱ्हाड हललं तरी ते तुमच्याकडंच ठेवलं ना, मग तक्रार कसली? माझं म्हणणं वेगळं आहे. राजधानी गेल्यानं नागपूरचं आणि विदर्भाचं नुकसान झालं, ते मी नाकारत नाही. पण नागपूर विद्यापीठ ज्या घावांनी लहान झालं, त्यातला पहिला घाव राजधानी इथंच असताना बसला आणि बाकीचे ती जाऊन पंचवीसहून अधिक वर्षं झाल्यावर. १९५६ वर सगळं ढकललं की ज्यांनी ते घाव घातले ते आपोआप सुटतात.

आधी सुरुवातीचा इतिहास पाहू, कारण ठेल्यावर त्याचा उल्लेख कुणीच करत नाही. १८६१ साली इंग्रजांनी नागपूरचा मुलूख आणि सागर-नर्मदेचा मुलूख एकत्र करून मध्य प्रांत बनवला आणि नागपूर त्याची राजधानी झाली. विद्यापीठ आलं १९२३ च्या ऑगस्टमध्ये. म्हणजे बासष्ट वर्षं ही राजधानी विद्यापीठावाचून होती. १८८३ साली हिस्लॉप कॉलेज निघालं, १८८५ साली मॉरिस कॉलेज. पण पदवीवरचा शिक्का आधी कलकत्त्याचा आणि नंतर अलाहाबादचा असायचा. कॉलेजशिक्षणाची वाट तर नागपूरच्याही आधी उत्तरेकडं पडली होती. जबलपूरचं रॉबर्टसन कॉलेज मुळात १८३६ साली सागरला निघालेली शाळा. ती वाढली आणि १८७३ साली जबलपूरला हलवली गेली. त्यामुळं विद्यापीठ नागपूरलाच व्हायला हवं, हे काही आकाशातून लिहून आलेलं नव्हतं.

इथं निवृत्त प्राध्यापकांचा सगळ्यात जोरकस मुद्दा मान्य करायला हवा. विद्यापीठ नागपूरला झालं, कारण कायदे मंडळ नागपूरला होतं, सचिवालय नागपूरला होतं आणि वकील नागपूरला होते. जबलपूर मागं पडलं ते याच कारणानं. पहिले कुलगुरू सर बिपिनकृष्ण बोस हेही बंगालातून येऊन इथं वकिलीत नाव कमावलेले गृहस्थ. राजधानी नसती तर ते इथं आले असते का, असा प्रश्न कुणी विचारला तर माझ्याकडं प्रामाणिक उत्तर "बहुधा नाही" हेच आहे. सुरुवात सहा संलग्न महाविद्यालयं आणि ९२७ विद्यार्थ्यांवर झाली. विद्यापीठानं स्वतः उभारलेली पहिली संस्था म्हणजे १९२५ चं विधी महाविद्यालय. या शहराला वकिलांचं शहर म्हणायचे ते उगाच नाही.

पण जन्माला राजधानी कारण झाली, म्हणून आयुष्यभर तिच्याच जिवावर जगलं, असं होतं का? आमच्या बैठकीत आजोबांची एलएलबीची पदवी काचेत लावलेली आहे. कागद चहाच्या रंगाचा झालाय, एका कोपऱ्याला वाळवी लागून गेलीय, तरी नागपूर विद्यापीठाचा शिक्का अजून बोटाला लागतो. आजोबा छिंदवाड्याचे. नॅरोगेजच्या गाडीनं सातपुडा उतरून नागपूरला आले आणि धंतोलीत तिघांत एक खोली घेऊन राहिले. खोलीतला एक रायपूरचा, एक यवतमाळचा. १९३८ साली हैदराबादेत वंदे मातरम् म्हटलं म्हणून उस्मानिया विद्यापीठानं मुलांना काढून टाकलं, तेव्हा त्यांना दार उघडलं ते नागपूर विद्यापीठानं. कुलगुरू होते तुकाराम जयराम केदार. त्या आंदोलनातल्या पी. व्ही. नरसिंह राव नावाच्या पोरानं पुढं कायद्याची पदवी नागपूरचीच घेतली. आज चार राज्यांत विखुरलेला मुलूख तेव्हा एका बाकावर बसत होता. बाजूच्या संस्थानानं हाकललेल्यांना घरात घेणं, हे काम सचिवालय जवळ आहे म्हणून होत नाही. त्याला विद्यापीठाची स्वतःची छाती लागते.

आता पहिला घाव. १९४६ च्या जुलैमध्ये डॉ. हरिसिंह गौर यांनी आपल्या कमाईतून सागरला विद्यापीठ काढलं. गौर हे दिल्लीचे आणि नागपूरचेही कुलगुरू राहिलेले, म्हणजे घरचेच. मध्य प्रांतातली हिंदी जिल्ह्यांची कॉलेजं नागपूरकडून सागरकडं गेली. महाकोशल गेला, छत्तीसगड गेला. विद्यापीठाचा निम्म्याहून मोठा मुलूख एका झटक्यात नकाशावरून उतरला. त्या दिवशी राजधानी कुठं होती? नागपूरलाच. विधानसभा कुठं भरत होती? नागपूरलाच. दहा वर्षांनी जे होणार होतं त्याची सावलीही अजून पडली नव्हती. गौरांना मी दोष देत नाही. स्वतःच्या पैशानं गावात विद्यापीठ काढणाऱ्या माणसाला कोण दोष देईल? पण राजधानीचं छत्र असलं की विद्यापीठ अखंड राहतं, हा समज १९४६ सालीच खोटा ठरला होता.

आणि ज्या दोन विद्यापीठांच्या शिक्क्याखाली नागपूरची कॉलेजं वाढली, त्यांचं काय झालं? हे कुणी पडताळून पाहत नाही याचं मला नवल वाटतं, कारण कलकत्ता आणि अलाहाबाद या दोन्ही शहरांनी आपापली राजधानी गमावली. कलकत्त्याची देशाची राजधानी दिल्लीला जाणार, हे १९११ च्या डिसेंबरात दरबारात जाहीर झालं. त्यानंतर तीनच वर्षांत कुलगुरू आशुतोष मुखर्जींनी तिथं विज्ञान महाविद्यालयाची पायाभरणी केली, तारकनाथ पालित आणि रासबिहारी घोष या दोन वकिलांच्या लाखोंच्या देणग्यांवर. पालितांच्या नावच्या प्राध्यापकपदावर १९१७ साली चंद्रशेखर वेंकट रामन आले. (हेच रामन १९१० साली सरकारी हिशेबखात्यात नागपूरला बदलून आले होते. आपल्या शहरानं त्यांच्याकडून जमाखर्च तपासून घेतला आणि पुढं पाठवून दिलं. तेव्हा इथं विद्यापीठ नव्हतं, हे खरं, तरी मला ते टोचतं.) नोबेल मिळालं १९३० साली, राजधानी जाऊन एकोणीस वर्षांनी. अलाहाबादचंही तसंच. संयुक्त प्रांताचा (आजच्या उत्तर प्रदेशाचा) कारभार १९२१ पासून हळूहळू लखनौकडं सरकत गेला, कायदे मंडळाची नवी इमारत १९२८ साली लखनौला उघडली. आणि अलाहाबाद विद्यापीठाचे सगळ्यात भरभराटीचे दिवस कोणते? तेच. मेघनाद साहा १९२३ ते १९३८ तिथं भौतिकशास्त्र शिकवत होते.

यावर हरकत येईल आणि ती रास्त आहे. कलकत्ता बंगालची राजधानी राहिलीच आणि अलाहाबादकडं उच्च न्यायालय राहिलं. दोघांचं सगळंच गेलं नव्हतं, नागपूरचं जवळजवळ सगळं गेलं. मान्य. पण अलाहाबादला काय मिळालं तेही पाहा. १९२१ च्या कायद्यानं ते शिकवणारं, निवासी विद्यापीठ झालं. दूरदूरच्या कॉलेजांचं ओझं त्याच्या डोक्यावरून उतरत गेलं, १९२७ साली आग्रा विद्यापीठ निघाल्यावर तर पुरतंच. मध्य प्रांताची कॉलेजं नागपूरनं घेतली, तोही त्याच ओझ्याचा एक भाग. म्हणजे अलाहाबादचा मुलूख लहान झाला तसा दर्जा वाढला, कारण जे उरलं ते शिकवण्यासाठी उरलं. नागपूरचा मुलूख लहान झाला तेव्हा जे उरलं ते परीक्षा घेण्यासाठी. हा फरक राजधानीनं पाडलेला नाही.

१९५६ नं नेमकं काय नेलं, तेही नीट मोजू. राज्य पुनर्रचना आयोगानं १९५५ साली विदर्भाचं वेगळं राज्य सुचवलं होतं, नागपूर त्याची राजधानी होणार होती. ते झालं नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला सकाळी नागपूर उठलं ते मुंबई राज्यातलं एक जिल्ह्याचं ठिकाण म्हणून. नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ, उच्च न्यायालय जबलपूर, नागपूरला उरलं खंडपीठ. आजोबांचे खोलीतले रायपूरचे मित्र तोवर त्यांचे भागीदार झाले होते. ते जबलपूरला गेले. दोघांनी मिळून घेतलेले निवाड्यांचे खंड वाटून घ्यायचे ठरलं, सम वर्षं एकाकडं, विषम दुसऱ्याकडं. आमच्या कपाटात अजून एकाआड एक खंड आहेत. पदवी घेतलेल्या पोराला नोकरी लागायची ती कचेरी पाचशे मैलांवर गेली, मंत्र्याच्या बंगल्यावर पायी जाऊन अर्ज देणं संपलं, नव्या विभागाला मंजुरी हवी तर रात्रभर रेल्वेत बसणं आलं. हे खरं नुकसान आहे आणि त्याची झळ विद्यापीठालाही लागली. पण त्याच कपाटातले ते खंड छापणारं 'ऑल इंडिया रिपोर्टर' नागपूरचंच होतं आणि ते उच्च न्यायालयाबरोबर कुठं गेलं नाही. त्याचं गिऱ्हाईक देशभर पसरलेलं होतं. ज्या संस्थेचं पोट राजधानीवर नव्हतं, तिला राजधानी गेल्याचं सुतक लागलं नाही.

आता पुण्याहून परतलेल्या पोराकडं वळू, कारण त्याचं म्हणणं अधिक सभ्य वाटतं आणि अधिक चुकीचं आहे. "विद्यापीठ आहे ना तुमच्याकडं!" विद्यापीठ आमच्याकडं १९२३ पासून आहे. विदर्भानं मराठी राज्यात यावं म्हणून केलेला नागपूर करार झाला २८ सप्टेंबर १९५३ ला. तीस वर्षं आधीपासून आपल्या घरात असलेली वस्तू करारातली भरपाई म्हणून कशी मोजायची? करारात लिहिलं होतं ते निराळं: खर्च लोकसंख्येच्या प्रमाणात, तंत्रशिक्षणातले प्रवेश त्याच प्रमाणात, सरकारी नोकऱ्या त्याच प्रमाणात, वर्षातून निदान एक अधिवेशन नागपूरला. यातलं अधिवेशन तेवढं डोळ्यांना दिसतं. बाकीच्यांचा अनुशेष किती, हे मोजायला १९८४ साली दांडेकर समितीचा अहवाल यावा लागला, १९९४ साली विकास मंडळं नेमावी लागली आणि २०२० च्या एप्रिलमध्ये त्यांची मुदतही संपली.

तराजूत एका बाजूला राजधानी आणि दुसऱ्या बाजूला विद्यापीठ, ही खोड एकट्या महाराष्ट्राची नाही. आंध्रात किनारी भाग आणि रायलसीमा यांच्यातल्या १९३७ च्या श्रीबाग करारात हेच झालं. रायलसीमेनं राजधानी किंवा उच्च न्यायालय यांतलं एक निवडावं, आणि विद्यापीठ किनारी भागात आहे तर अनंतपूरला त्याचं केंद्र द्यावं. १९५३ साली कर्नूल राजधानी झालं, तीन वर्षांत ती हैदराबादला गेली. तिथलं राजधानीचं भांडण पुढंही चालत राहिलं. आमच्याकडं अकोल्याला कृषी विद्यापीठासाठी १९६७ साली आंदोलन पेटलं, गोळीबारात माणसं गेली, तेव्हा कुठं १९६९ साली ते मिळालं. विद्यापीठासाठी जीव देणारा प्रदेश शिक्षणाची किंमत जाणतो, हे म्हणायला बरं वाटतं. पण मिळाल्यावर त्या विद्यापीठात किती पदं भरली, यासाठी कुणी रस्त्यावर बसलं का? वाटणीत हंडा मिळवायचा एवढंच ध्यानात राहिलं की हंड्यात पाणी आहे का, हे पाहायचं राहून जातं.

वाटणी नीट झाल्याची उदाहरणंही आहेत. अमेरिकेत आयोवा राज्य १८४६ च्या डिसेंबरात झालं, राजधानी आयोवा सिटी. दोन महिन्यांत, फेब्रुवारी १८४७ मध्ये, त्याच गावात राज्याचं विद्यापीठ काढायचा कायदा झाला. दहा वर्षांनी राजधानी डे मॉइन इथं हलवायचं ठरलं, तेव्हा १८५७ च्या राज्यघटनेत एकाच कलमात लिहून टाकलं: राजधानी कायमची डे मॉइनला आणि विद्यापीठ कायमचं आयोवा सिटीला. आणि रिकामी झालेली विधिमंडळाची घुमटाची इमारत विद्यापीठाच्या ताब्यात दिली. विद्यापीठाची ती पहिली कायमची वास्तू. इतकं लांब कशाला जायचं? पुण्याला गव्हर्नरसाहेब पावसाळ्यात येऊन राहायचे तो गणेशखिंडीतला बंगला पुणे विद्यापीठाला मिळाला, आणि पुणे तर या राज्याची राजधानी कधीच नव्हतं. नागपूरला राजभवन राजभवनच राहिलं आणि विधानभवन विधानभवनच. करारात अधिवेशन होतं म्हणून इमारत राखावी लागली, हे मला कळतं. पण एका अधिवेशनासाठी वर्षभर झाडूनपुसून ठेवलेल्या त्या सभागृहासमोरून जाताना मला आयोवाचा घुमट आठवतो.

मग विद्यापीठ कापलं कुणी? १९८३ साली अमरावतीचं वेगळं विद्यापीठ झालं, सारं वऱ्हाड गेलं. २०११ साली गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ झालं, चंद्रपूर आणि गडचिरोली गेले. उरले चार जिल्हे. दोन्ही विद्यापीठं हवीच होती. मेळघाटातल्या पोरानं गुणपत्रिकेवरचं नाव दुरुस्त करायला नागपूर का गाठावं? पण मुलूख कमी झाल्यावर अलाहाबादसारखं शिकवण्याकडं वळायचं, तर इथं विनाअनुदानित कॉलेजांची पीकपेरणी सुरू झाली आणि चार जिल्ह्यांतच शेकडो कॉलेजं झाली. कुलगुरूंचा दिवस पेपर, निकाल, पुनर्मूल्यांकन आणि संलग्नता समित्या यांत जातो. शिकवणारा तासिका तत्त्वावर, ताशी पैशांवर, आणि तेही महिनोन्महिने थकलेले. स्वतःच्या नावाचा स्वतंत्र कायदा नागपूर विद्यापीठाला होता तो १९९४ साली गेला आणि सगळ्या विद्यापीठांना एकच कायदा लागला, पुढं २०१६ साली नवा, तोही एकच. तो कायदा मुंबई विद्यापीठालाही तसाच लागला. मुंबईत तर मंत्रालय आहे, अर्थखातं आहे, राज्यपाल आहेत. तरी २०१७ साली तिथले निकाल महिनोन्महिने रखडले आणि कुलगुरूंना पदावरून जावं लागलं. राजधानीच्या पोटात राहून जे विद्यापीठ वाचलं नाही, त्याच्याकडं बोट दाखवून आपण म्हणतो, राजधानी असती तर आमचं वाचलं असतं!

प्राध्यापकांना मी त्या दिवशी एवढंच विचारलं, की या विद्यापीठातलं सगळ्यात नामांकित काय? ते क्षणाचाही विलंब न लावता म्हणाले, "एलआयटी." लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण मँगनीजच्या खाणींचे मालक. १९३० साली वारले तेव्हा मृत्युपत्रानं सुमारे ३५ लाख रुपये विद्यापीठाला ठेवून गेले, उपयोजित विज्ञान आणि रसायन शिकवण्यासाठी. संस्था उभी राहायला १९४२ उजाडलं. तो पैसा सचिवालयातून आलेला नव्हता, म्हणून १९५६ साली तो मुंबईला जायचा प्रश्नही आला नाही. राजधानी जाऊन अर्धशतक लोटलं तरी रंग, तेल, प्लास्टिक, पेट्रोलियमच्या कारखान्यांत इथली माणसं देशभर सापडत राहिली.

२०२३ साली, विद्यापीठाच्या शंभराव्या वर्षी, एलआयटी नागपूर विद्यापीठातून बाहेर पडून स्वतःच एक विद्यापीठ झाली. चांगलं की वाईट, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. माजी विद्यार्थ्यांना आनंद झाला आणि त्यांची कारणं पटण्यासारखी होती: संलग्न कॉलेजांच्या गर्दीत त्यांना राहायचं नव्हतं. पण शंभर वर्षांतली सगळ्यात मोठी देणगी ज्या विद्यापीठाच्या नावावर होती, त्याच्या हातून ती निघाली. त्यावर्षीही डिसेंबरात अधिवेशन झालं, कठडे उतरले, मोर्चे निघाले. या विषयावरचा एकही मोर्चा मला आठवत नाही.